अंगणातला आवाज अंगणातच राहावा

हातात काम असेल तर ते चालू राहू द्या. तांदूळ निवडत असाल तर निवडा, शेंगा सोलत असाल तर सोला, आणि सोबत आमचं ऐका. आज आपण बोलणार आहोत ते अंगणात, ओट्यावर किंवा गच्चीत लावायच्या स्पीकरबद्दल. कोणता घ्यावा, किती घ्यावेत आणि कुठे लावावेत, हे सगळं आज पाहू.

हा विषय बायकांच्या कार्यक्रमात कशाला, असं कोणी विचारेल. पण अंगणात दिवसभर वावर कोणाचा असतो? वाळवणं आपण घालतो, धुणं आपण वाळत टाकतो, तुळशीला पाणी आपण घालतो, नातवंडांना अंघोळीनंतर कोवळ्या उन्हात आपणच घेऊन बसतो. हळदीकुंकू, बारसं, डोहाळजेवण हेही अंगणातच होतं. म्हणजे अंगणातला आवाज सगळ्यांत जास्त वेळ आपल्याच कानांवर पडतो. आणि स्पीकर आणायला मात्र बहुतेक घरांतून मुलगा नाहीतर पुतण्या जातो, आणि दुकानात दिसेल ते सगळ्यांत मोठं खोकं घेऊन येतो.

मग ते खोकं पडवीच्या भिंतीवर चढतं, तोंड फाटकाकडे. पडवीत बसलेल्या सासूबाईंचे कान बधिर होतात. अंगणाच्या टोकाला पापड लाटणारीला नुसता धमधम आवाज येतो, शब्द कळत नाही. म्हणून आवाज आणखी वाढवला जातो. आणि भिंतीपलीकडे शेजारच्या बाळंतिणीचं बाळ दचकून उठतं. पैसे गेले, ऐकू काही नीट आलं नाही, आणि शेजारणीशी बोलणं तुटलं ते वेगळंच.

म्हणून आज एकच गोष्ट मनात पक्की करू या. मोठा एक स्पीकर लांब लावण्यापेक्षा लहान दोन-चार स्पीकर माणसांच्या जवळ लावावेत, आणि हळू वाजवावेत. असं का, ते जरा हिशोबानं पाहू. हिशोब सोपा आहे.

आवाज मोजायचं माप म्हणजे डेसिबल. आपण दोघी समोरासमोर बसून साधं बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबल असतो. मोकळ्या जागेत एक नियम लागू होतो. स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. आता समजा, एकच स्पीकर आहे आणि त्याच्यापासून २४ फुटांवर बसलेल्या बायकांना ६५ डेसिबल ऐकू यायला हवेत. तर १२ फुटांवर ७१ होतील, आणि अगदी जवळ, ६ फुटांवर बसलेल्या आजींच्या कानांवर ७७ आदळतील. आणि ४८ फुटांवर शेजारच्या घरात ५९ पोहोचतील. म्हणजे त्यांच्या खोलीच्या खिडकीत कोणी बाई सतत बोलत उभी असावी, तसं.

आता त्याऐवजी चार लहान स्पीकर लावले, प्रत्येक जण कुठल्या तरी स्पीकरपासून सहाएक फुटांवर येईल असे. प्रत्येक स्पीकर ६ फुटांवर ६५ डेसिबल देईल इतकाच वाजवायचा. तोच आवाज ४८ फुटांवर जाईपर्यंत ४७ वर येतो. चारही स्पीकर त्याच अंतरावर धरले आणि चौघांचा आवाज मिळून वाढला, तरी फार तर ५३. म्हणजे आपल्याला सगळीकडे सारखं आणि स्पष्ट ऐकू आलं, आजींचे कान वाचले, आणि शेजारी पोहोचणारा आवाजही कमी झाला. भिंती, झाडं, पत्रे यांनी या आकड्यांत थोडा फरक पडतो, पण हिशोबाची दिशा हीच राहते.

आता जागेकडे वळू. सगळ्यांत आधी अंगणात एक फेरी मारा आणि पाहा, माणसं खरोखर बसतात कुठे. ओट्यावर? आंब्याखाली? धुण्याच्या दगडापाशी? स्पीकर तिथे हवा. जिथे फक्त गाडी उभी राहते किंवा कोंबड्या फिरतात, तिथे आवाज पोहोचवून उपयोग काय?

दुसरी गोष्ट म्हणजे स्पीकरचं तोंड आणि पाठ. बहुतेक जण घराच्या भिंतीवर स्पीकर लावतात आणि त्याचं तोंड बाहेर करतात. मग आवाज सरळ कुंपण ओलांडून जातो. त्यापेक्षा जमत असेल तर स्पीकर कुंपणाच्या बाजूला लावा, आणि त्याचं तोंड आपल्या घराकडे करा. पाठ शेजाऱ्याकडे, तोंड आपल्याकडे. आपलं घरच मग आवाज अडवायला उभं राहतं. मात्र कुंपणाची भिंत शेजाऱ्याची आणि आपली सामायिक असेल, तर तिच्यावर स्पीकर ठोकू नका. भिंतीतून थरथर पलीकडे जाते. तिथे आपल्या हद्दीत एक लोखंडी किंवा सिमेंटचा खांब रोवावा आणि त्याच्यावर लावावा. पट्टी आणि स्पीकर यांच्यामध्ये रबराचा तुकडा घालावा.

घराच्या भिंतीवरच लावायचा असेल तर आठ ते दहा फुटांवर, वळचणीखाली लावा आणि तोंड खाली वाकवा, बसलेल्या माणसांच्या डोक्यांकडे. सरळ समोर पाहणारा स्पीकर आपल्या डोक्यांवरून गावाला ऐकवतो. वळचणीखाली लावण्याचा आणखी एक फायदा म्हणजे ऊन आणि पाऊस दोन्हींपासून आडोसा मिळतो.

तिसरी गोष्ट कोपऱ्याची. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात स्पीकर बसवला की ढोलासारखा खालचा आवाज फुगतो. गाण्याचे शब्द त्यात बुडतात. आणि हाच खालचा आवाज भिंती ओलांडून सगळ्यांत लांब जातो, त्याला तोंड आणि पाठ नसते, तो चहूकडे पसरतो. बारीक आवाज दार लावलं की अडतो, धमधम अडत नाही. दाट वस्तीत, चाळीत, एकमेकांना लागून असलेल्या बंगल्यांत म्हणूनच वेगळा वूफर अंगणात लावू नये. आणि वाजवण्याच्या यंत्रावर बास लिहिलेलं बटण असतं, ते थोडं कमीच ठेवावं. बातम्या, भजन, गप्पा, आपला रेडिओ यांतलं काही बिघडत नाही. उलट शब्द जास्त उठून येतो.

चौथी गोष्ट फाटकाची. फाटकाजवळ स्पीकर लावू नका. दुपारी आपण घरी एकट्या असतो. कोण आलं, कडी कोणी वाजवली, हे कळायला हवं. घरात बाळ असेल तर ज्या खिडकीतून त्याचं रडणं ऐकू येतं, तिच्यासमोरही नको. आम्ही यासाठी तीन आवाजांची परीक्षा सांगतो. स्पीकर चालू असताना स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी, फाटकाची कडी आणि बाळाचं रडणं हे तीनही ऐकू आले पाहिजेत. यांतला एक जरी बुडाला, तरी आवाज जास्त आहे असं समजा.

आता खरेदी. दुकानात गेलं की पहिला शब्द कानांवर येतो तो वॅटचा. हजार वॅट, दोन हजार वॅट. मैत्रिणींनो, या आकड्याला भुलू नका. खोक्यावर पीएमपीओ असं लिहिलं असेल तर तो आकडा नुसता दाखवायचा असतो. आरएमएस किती वॅट, ते विचारा. आणि दुसरा प्रश्न विचारा, सेन्सिटिव्हिटी किती? ती साधारण ८५ ते ९० डेसिबल असते. तिचा अर्थ असा, की एक वॅट दिला तर एक मीटरवर तो स्पीकर एवढा आवाज देतो. ८७ चा स्पीकर एका वॅटमध्ये सहा फुटांवर ८० च्या वर जातो. आपल्याला हवेत ६५. म्हणजे अंगणात बसून ऐकायला एक वॅटसुद्धा पुरतो, आणि मधूनच चढणाऱ्या तानेसाठी थोडी जागा ठेवायची. २० ते ३० वॅट आरएमएसचा लहान स्पीकर घरच्या अंगणाला भरपूर झाला. शिवाय वॅट दुप्पट केले की आवाज जेमतेम ३ डेसिबलनं वाढतो. दुप्पट पैसे देऊन मिळतं ते एवढंच.

तिसरा प्रश्न पावसाचा. बाहेरच्या स्पीकरवर आयपी आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५५ म्हणजे धुळीपासून बऱ्यापैकी बचाव आणि पाण्याच्या फवाऱ्यालाही दाद देत नाही. आयपी ६५ म्हणजे धूळ आत शिरतच नाही. वळचणीखाली ५५ चालतो. उघड्यावर, कोकणातल्या पावसात किंवा घाटमाथ्यावर लावायचा असेल तर ६५ किंवा ६६ घ्या. नुसतं 'वॉटरप्रूफ' असं तोंडी सांगितलेलं धरू नका, आकडा दाखवायला सांगा. घरातला स्पीकर प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेर टांगणं तर अजिबात नको. पिशवीत दमट हवा कोंडते आणि आवाजही घुसमटतो.

स्पीकरच्या आतला पडदा कागदाचा असेल तर दमट हवेत तो नरम पडतो. बाहेर लावायचा तर पॉलिप्रॉपिलिनचा पडदा घ्या, आणि पडद्याभोवतीची कड रबराची. फोमची कड काही वर्षांत भुगा होऊन गळते. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी आणखी एक पाहा. खाऱ्या वाऱ्यानं लोखंडी स्क्रू आणि जाळी गंजते, म्हणून जाळी अॅल्युमिनियमची आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत. विदर्भ-मराठवाड्यात पावसापेक्षा ऊन मोठं. तिथे पश्चिमेच्या उन्हात स्पीकर ठेवू नका. साधं प्लास्टिक तडकतं. उन्हात टिकणारं, यूव्हीला दाद न देणारं प्लास्टिक आहे का, ते विचारा.

देवळावर किंवा जीपवर असतो तो भोंगा घरी लावू का, असंही काही जणी विचारतात. भोंगा बोलणं लांब पोहोचवण्यासाठी असतो. लांब पोहोचवणं हेच तर आपल्याला नको आहे. शिवाय गाणं त्यातून पत्र्यासारखं वाजतं. घरच्या अंगणाला तो कामाचा नाही.

आता तारा. स्पीकर लांब असेल तर बारीक तार आवाज खाते. तांब्याची वायर घ्या. ८ ओहमच्या स्पीकरला १५ मीटरपर्यंत १.५ स्क्वेअर एमएमची वायर पुरते. २५ मीटरपर्यंत जायचं तर २.५ ची घ्या. वायर पीव्हीसी पाइपातून न्या, नाहीतर उंदीर आणि खारी कुरतडतात. स्पीकरला जोडण्याआधी वायरला खाली एक झोल द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकेल, स्पीकरच्या आत शिरणार नाही. आणि जोडताना सगळ्या स्पीकरांना लाल टोकाला लाल, काळ्याला काळं. एकाचं उलटं झालं तर दोन स्पीकर एकमेकांचा आवाज खातात, आणि गाणं पोकळ वाटतं.

चार स्पीकर एका अॅम्प्लिफायरला जोडताना कारागिराला एक गोष्ट सांगायची. ८ ओहमचे दोन स्पीकर शेजारी शेजारी जोडले की अॅम्प्लिफायरला ते ४ ओहम वाटतात, चार जोडले की २. बऱ्याच अॅम्प्लिफायरना ४ च्या खाली झेपत नाही, ते तापतात आणि जळतात. म्हणून डाव्या बाजूला दोन आणि उजव्या बाजूला दोन असे वाटून घ्या. आणि डावा-उजवा असा वेगवेगळा आवाज न ठेवता मोनोवर ठेवा. अंगणात माणसं विखुरलेली असतात. मोनो नसेल तर एका कोपऱ्यात नुसता तबला आणि दुसऱ्या कोपऱ्यात नुसती पेटी जास्त ऐकू येते.

आणि आता जिवाची गोष्ट, नीट ऐका. स्पीकरच्या तारेतली वीज कमी असते, पण अॅम्प्लिफायरला जाणारी २३० व्होल्टची असते. म्हणून अॅम्प्लिफायर घरातच ठेवा, बाहेर जाऊ द्या फक्त स्पीकरच्या तारा. पावसाळ्यात एक्स्टेन्शन बोर्ड अंगणात ओढून नेणं, ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून पिन खुपसणं, हे कोणीही करायचं नाही. बाहेर पॉइंट हवाच असेल तर झाकणाचा घ्या, अर्थिंग तपासून घ्या, आणि घराला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या. वीज गळली तर तो क्षणात प्रवाह तोडतो. विजा कडाडू लागल्या की पिन काढून ठेवा.

ज्यांना इतका खर्च आणि खोदाखोदी नको, किंवा घर भाड्याचं आहे, त्यांनी बॅटरीवरचा लहान ब्लूटूथ स्पीकर घ्यावा. बसायचं वर्तुळ जिथे असेल तिथे मधोमध पाटावर ठेवला की झालं. मोबाइलपासून साधारण १० मीटरपर्यंत तो चालतो, मध्ये भिंत आली की अंतर कमी होतं. एकाच बनावटीचे दोन घेतले तर अनेकदा ते एकमेकांना जोडता येतात. काम झालं की उचलून घरात. पावसाची चिंता नाही, माकडांची नाही.

आता कायदा. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. आपल्या घरच्या स्पीकरचा आवाज आपल्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाऊ नये, असं नियम सांगतो. म्हणजे दिवसा कुंपणापाशी ६०, साध्या बोलण्याएवढा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्या अंगणात स्पीकर बंद. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शासन शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं, तिथे मर्यादा आणखी खाली आहे. आणि मांडव घालून लाउडस्पीकर लावायचा असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी लागते.

पण कायद्याच्या आधी शेजार असतो. बारावीला बसलेली मुलगी, रात्रपाळी करून सकाळी झोपलेली नर्स, रक्तदाबाचे आजोबा, दोन महिन्यांचं बाळ, हे सगळे भिंतीपलीकडे असतात आणि बऱ्याचदा ते तक्रार करत नाहीत, नुसतं सोसतात. बाई तर जास्तच सोसते, कारण तिला उद्या तुमच्याकडेच विरजण मागायला यायचं असतं. म्हणून स्पीकर बसवला की पहिल्याच दिवशी शेजारणीला हाक मारा. तिला तिच्या घरात, झोपायच्या खोलीत उभं राहू दे आणि तुम्ही गाणं लावा. 'वहिनी, आता ऐकू येतं का? आता?' ती नाही म्हणेल त्या जागी बटणापाशी नेलपॉलिशचा एक ठिपका लावा. त्या ठिपक्यापुढे बटण जाणार नाही, हे घरात सगळ्यांना सांगून टाका.

आणि ते बटण कुठे असावं, हेही आपणच ठरवायचं. मुलाच्या खोलीत कपाटावर अॅम्प्लिफायर ठेवला तर आवाज कमी करा म्हणून आपण अंगणातून ओरडत राहणार. तो स्वयंपाकघराच्या दाराशी, हात पोहोचेल अशा उंचीवर, पाण्यापासून लांब ठेवा. फोन आला, कोणी बोलायला आलं, बाळ झोपलं, की एका हातानं आवाज खाली करता आला पाहिजे.

देखभाल थोडीच आहे. पावसाळा संपला की पिन काढून स्पीकरची जाळी कोरड्या ब्रशनं झाडा. कुंभारीण माशी मातीचं घर बांधून भोकं बुजवते, पाली मागच्या बाजूला अंडी घालतात. ते साफ करा. तारांची टोकं हिरवी पडली असतील तर तेवढी कापून नवीन तांबं उघडं करा. वळचण नसेल तर भर पावसाळ्यात स्पीकर उतरवून घरात ठेवलेले बरे.

शेवटी एवढंच, की प्रत्येक वेळी स्पीकर हवाच असं नाही. भोंडल्याचा फेर धरला की गाणी आपल्याच गळ्यातून यावीत, तिथे बटण बंद. एरवी दुपारच्या कामात आपल्या भोवती हळू आवाजात गाणं असावं, बातम्या असाव्यात, आपला रेडिओ असावा. तो ऐकताना शेजारणीशी चार शब्द बोलता यावेत, आवाज न चढवता.

तुमच्या अंगणाची काही अडचण असेल, स्पीकर नेमका कुठे लावावा ते सुचत नसेल, तर अंगणाचा कागदावर आराखडा काढून केंद्रावर घेऊन या. बसायची जागा, फाटक आणि शेजाऱ्याची खिडकी त्यात दाखवा. आपण सगळ्या मिळून पाहू.